काळ्याला काळा : संगणकाच्या पोटातील जोडण्यांची गोष्ट

संगणकाचा इतिहास सांगायचा म्हटले की प्रोसेसरांची घराणी निघतात, गॅरेजात कंपन्या काढणारे तरुण निघतात, कोट्यवधी डॉलरचे खटले निघतात. हा धागा त्यांच्याविषयी नाही. कॅबिनेटचे झाकण काढल्यावर जो वायरींचा गुंता दिसतो, त्या वायरींच्या टोकांविषयी तो आहे. कोणते टोक कुठे बसावे हे कोणी ठरवले, केव्हा ठरवले, आणि एका ठिकाणी ते आजही कोणीच का ठरवलेले नाही, एवढाच विषय. लांबण लागणार आहे, सवडीने वाचावे.

विषय माझ्या पोटापाण्याचा. १९९३ ते १९९९ अशी सहा वर्षे मी मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्गावर, एका माडीवरच्या दुकानात संगणक जोडत असे. मोठ्या कंपनीचा तयार संगणक तेव्हा सामान्य घराच्या आवाक्यात नव्हता. त्यामुळे सुटे भाग आणून जोडलेला, 'असेंबल्ड' या नावाने ओळखला जाणारा संगणक घेण्याकडे लोकांचा ओढा होता. भाग कुठकुठले असत, आणि ते एकमेकांशी जुळतील याची हमी देणारी पुस्तिका बहुधा सोबत नसेच. हमी म्हणजे जोडणाऱ्याचा हात.

त्या हाताला पहिला धडा मिळे तो पी-८ आणि पी-९ या दोन प्लगांचा. आपल्याकडे विजेच्या पेटीला सरसकट एसएमपीएस म्हणतात. त्या पेटीतून निघून मदरबोर्डला वीज देणारे हे दोन प्लग. आयबीएमने १९८४ साली पीसी-एटी बाजारात आणला आणि त्याची मांडणी साऱ्या जगाने उचलली, त्यात हेही आले. दोन्ही प्लग सहा-सहा पिनांचे, दोन्ही एकाच ओळीत शेजारीशेजारी बसणारे. एखादा प्लग उलटा बसू नये म्हणून त्याला बारीक पाती होती. पण पी-८च्या जागी पी-९ बसू नये, अशी कोणतीही सोय नव्हती. अदलाबदल झाली तर जिथे शून्य व्होल्ट हवे तिथे पाच व्होल्ट जात आणि मदरबोर्ड जळू शके. दोन्ही प्लगांच्या एका कडेला दोन-दोन काळ्या वायरी असत. त्या चारही काळ्या मध्यभागी एकमेकींना लागून आल्या, तर जोडणी बरोबर. आमच्या उस्तादांनी पहिल्या दिवशी एवढेच सांगितले होते : 'काला काले के साथ.' बाजाराची भाषा हिंदी. मी मनाशी त्याचे 'काळ्याला काळा' केले.

या पाठांतरात एक खोच होती, तीही सांगितली पाहिजे. त्या काळातील चालू-बंद बटण हे खरोखरचे बटण होते. भिंतीतली २३० व्होल्टची वीज एका जाड केबलीतून थेट कॅबिनेटच्या दर्शनी पाट्यापर्यंत येई. केबलीत चार वायरी : तपकिरी आणि निळी भिंतीकडून येणाऱ्या, काळी आणि पांढरी एसएमपीएसकडे परतणाऱ्या. बटणावरच्या जोड्या चुकल्या तर बटण दाबताक्षणी थेट शॉर्ट, दुकानाचा फ्यूज उडालेला आणि मालकाचा आवाज चढलेला. म्हणजे मदरबोर्डवरची काळी वायर निरुपद्रवी, आणि बटणावरची काळी जीवघेणी. एकाच कॅबिनेटात एका रंगाचे दोन अर्थ. आपल्या घरांतील वायरिंगमध्ये काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थिंगची, हा तिसरा हिशेब वेगळाच. रंग ही भाषा खरी, पण ती प्रत्येक पेठेत वेगळी बोलली जाई.

ही टोके मुळात आली कुठून? संगणकासाठी ती कोणी घडवलीच नव्हती. हार्ड डिस्कला वीज देणारा चार पिनांचा पांढरा प्लग साऱ्या बाजारात 'मोलेक्स' म्हणून ओळखला जातो. मोलेक्स ही कंपनी १९३८ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात फ्रेडरिक क्रेबील यांनी काढली. मोलेक्स हे नाव मुळात डांबर, अ‍ॅस्बेस्टॉसचा चुरा आणि चुनखडी यांपासून केलेल्या एका स्वस्त प्लास्टिकचे. त्यापासून आरंभी कुंड्या आणि घड्याळांच्या चौकटी बनत. त्यातून वीज वाहत नाही, हा गुण पुढे लक्षात आला आणि कंपनी विजेच्या सामानाकडे वळली. १९५०च्या दशकाच्या अखेरीस तिने घरगुती उपकरणांसाठी प्लग-सॉकेटच्या जोड्या काढल्या. गंमत अशी की डिस्कच्या प्लगाचा मूळ आराखडा तिचा नव्हेच. तो एएमपी या दुसऱ्या कंपनीचा, 'मेट-एन-लॉक' नावाचा. शुगार्ट कंपनीने १९७६ साली सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्ह काढला, त्यात हा प्लग वापरला. पुढे येणाऱ्या प्रत्येकाने शुगार्टचे पाहून तोच घेतला. कोणतीही समिती बसली नाही, ठराव झाला नाही. पायवाट पडावी तसा तो रूढ झाला, आणि नाव मात्र शेजाऱ्याचे लागले.

फ्लॉपीच्या केबलीतली एक युक्ती मला आजही आवडते. चौतीस वायरींची चपटी पट्टी. तिच्यावर दोन ड्राइव्ह लागत. पहिला कोण आणि दुसरा कोण हे ड्राइव्हलाच सांगावे लागे, आणि त्यासाठी त्याच्या पाठीवरचे बारीक जंपर हलवावे लागत. आयबीएमने ठरवले की सगळे ड्राइव्ह 'दुसरा' असेच लावून पाठवायचे. मग केबलीच्या दोन टोकांमध्ये दहा ते सोळा या सात वायरींना एक पीळ द्यायचा. पिळाच्या पलीकडच्या ड्राइव्हला हाक उलटी ऐकू येते आणि तो स्वतःला 'पहिला' समजतो. जोडणाऱ्याने काही ठरवायचेच नाही. शेवटच्या टोकाला लागेल तो 'ए'. जंपर लावण्याचे काम माणसाच्या डोक्यातून काढून वायरीत घातले. मानकीकरण म्हणजे काय, हे मला कोणत्याही व्याख्येपेक्षा त्या पिळाने अधिक स्पष्ट सांगितले.

हार्ड डिस्कच्या बाबतीत मात्र ही दृष्टी टिकली नाही. १९८६च्या सुमारास वेस्टर्न डिजिटल, कॉम्पॅक आणि कंट्रोल डेटा यांच्या कामातून आयडीईची चाळीस पिनांची केबल आली. तिला अमेरिकेतील मानक संस्थेचा शिक्का मिळाला तो १९९४ साली. म्हणजे बाजार आठ वर्षे पुढे आणि नियम मागे. उलटी बसू नये म्हणून विसावी पिन मुद्दाम गाळलेली आणि केबलीच्या टोकात तेवढे एक छिद्र बुजवलेले, अशी चांगली सोय त्यात होती. पण स्वस्त केबलींत ते छिद्र उघडेच राही आणि स्वस्त मदरबोर्डांवर पिनांभोवतीचे कुंपण गाळलेले असे. मग उरे ती कडेची लाल रेघ. लाल रेघ म्हणजे एक नंबरची पिन, आणि ती डिस्कच्या विजेच्या प्लगाकडे हवी. शिवाय एका केबलीवरच्या दोन डिस्कांपैकी मास्टर कोण आणि स्लेव्ह कोण हे पुन्हा जंपरवर. पिळाने जे काम संपवले होते ते परत आमच्या नखांवर आले. (ही नावेही पुढे सुधारली गेली, आणि ते बरेच झाले.)

मोठा पालट झाला तो १९९५ साली. इंटेलने एटीएक्स नावाची मांडणी प्रसिद्ध केली. पी-८ आणि पी-९ जाऊन त्यांच्या जागी वीस पिनांचा, दोन ओळींचा एकच प्लग आला. त्याच्या काही खोबणी चौकोनी, काहींचे कोपरे छाटलेले. बाजूला एक खटका. हा प्लग उलटा बसतच नाही. चुकीच्या दिशेने दाबला तर प्लास्टिक प्लास्टिकला अडते आणि हाताला कळते. २३० व्होल्टची केबलही दर्शनी पाट्यावरून गेली. आता बटण म्हणजे केवळ इशारा. मदरबोर्ड एका हिरव्या वायरीला शून्यावर ओढतो आणि एसएमपीएस जागा होतो. 'आता संगणक बंद करण्यास हरकत नाही' अशा अर्थाचा तो नारिंगी अक्षरांचा पडदा जुन्या वाचकांना आठवत असेल. तो गेला यामुळेच, कारण संगणक आता स्वतःला बंद करू शकत होता. अर्थात हिरवी वायर पाहून ती अर्थिंगची समजणारा एखादा इलेक्ट्रिशियन भेटेच, आणि मग समजावत बसावे लागे.

आम्हा जोडणाऱ्यांच्या दृष्टीने एटीएक्सचा खरा गुण वेगळा होता. काम येणारा आणि न येणारा यांच्यातले अंतर त्याने घटवले. 'काळ्याला काळा' हे गुपित ज्ञान राहिले नाही. उस्तादांना हे रुचले नाही. पोरे आता विचार न करता जोडतात, असे ते म्हणत. मला मात्र हायसे वाटले होते. चहा आणणारा मुलगाही मागून बघत बघत महिन्याभरात मशीन उभे करू लागला, यात वाईट काय होते?

पुढे २००३ साली साटा आली आणि त्या चपट्या पट्ट्या हळूहळू निवृत्त झाल्या. डेटाला सात टोकांचा आणि विजेला पंधरा टोकांचा असे दोन प्लग, दोन्हींच्या खोबणीचा आकार इंग्रजी 'एल' अक्षरासारखा. एका केबलीवर एकच डिस्क, म्हणून मालक-नोकर हा वादच मिटला. मदरबोर्डचा प्लगही वाढून चोवीस पिनांचा झाला. तोही असा की जुना वीस पिनांचा त्यात बसे. या सर्वांची शिकवण एकच होती. जे बसते ते बरोबर. जे चूक आहे ते बसणारच नाही. पाव शतकभर जगातल्या लाखो हातांना ती मिळत राहिली.

मध्यंतरी एक जागा तशीच राहून गेली होती, ती म्हणजे दर्शनी पाट्याच्या बारीक वायरींची. चालू बटण, रीसेट बटण, हार्ड डिस्कचा दिवा, विजेचा दिवा. प्रत्येकाचे इवलेसे काळे टोक, त्यावर वाचताना डोळे फुटावेत अशी अक्षरे, आणि मदरबोर्डच्या कोपऱ्यात नऊ-दहा पिनांचे एक रोप. इंटेलने यासाठीही मांडणी सुचवली होती, पण ती सुचवणीच राहिली. विजेच्या दिव्याचे टोक कित्येक कॅबिनेटांत तीन घरांचे, मधले घर रिकामे; मदरबोर्डवर मात्र त्यासाठी दोनच पिना. मग सुईने प्लास्टिकची जीभ उचलायची, आतली धातूची पिन ओढून काढायची आणि शेजारच्या घरात सरकवायची. हे मी शेकडो वेळा केले आहे. याच सुमारास, पीसी-९९ या मार्गदर्शिकेने संगणकाच्या पाठीमागच्या बाहेरच्या जागांना रंग ठरवून दिले होते : कीबोर्ड जांभळा, माऊस हिरवा. ग्राहकाच्या नजरेला पडते ते रंगले, आत राहिले ते राहिले. माझे स्पष्ट मत असे की दर्शनी पाट्याच्या वायरी एकत्र न येण्याचे कारण तांत्रिक नव्हतेच. त्या चुकल्याने काही जळत नाही. दिवा लागत नाही एवढेच. जोडणाऱ्याची दहा मिनिटे जातात, आणि ती दहा मिनिटे कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात येत नाहीत.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. एसएमपीएसच्या पोटातून पूर्वी सगळ्या वायरी कायमच्या निघालेल्या असत. नको असलेल्या वायरींचा गठ्ठा कुठेतरी कोंबावा लागे. मग 'मॉड्युलर' एसएमपीएस आले : पेटीवर नुसती सॉकेटे, हवी तेवढी वायर लावावी. सोय उत्तम. पण यामुळे प्रत्येक वायरीला दोन टोके झाली. डिस्ककडचे टोक साटाच्या नियमाने बांधलेले. पेटीकडच्या टोकाला नियमच नाही. कोणत्या पिनेवर बारा व्होल्ट आणि कोणत्या पिनेवर पाच, हे ज्याचे त्याने ठरवायचे. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही ते निराळे असू शकते. आणि सॉकेट मात्र बहुतेकांनी त्याच परिचित घराण्यातले घेतले, एटीएक्सच्या प्लगाच्या जातीचे. म्हणजे एका कंपनीची वायर दुसऱ्या कंपनीच्या पेटीत खटका वाजवून छान बसते.

आपल्याकडे पायलीचे असेच होते. नाव एक, भांडे साधारण सारखे, पण एका तालुक्याची पायली दुसऱ्या तालुक्यात भरत नसे. १९५६च्या वजनमापांच्या कायद्याने ते संपवले. पायलीतला फरक निदान डोळ्यांना दिसे. इथे तोही दिसत नाही, कारण अलीकडच्या मॉड्युलर वायरी देखणेपणासाठी नखशिखांत काळ्या असतात. पिवळी बाराची, लाल पाचची, काळी शून्याची ही जुनी खूण पुसली गेली आहे. सगळेच काळे, काळ्याला काळा जोडून काय कळणार?

याचे एक उदाहरण मी जवळून पाहिले. सांगलीकडचे एक वाचनालय. नाव सांगत नाही. ऑगस्ट २०१९च्या कृष्णेच्या पुरात त्याचा तळमजला बुडाला. जुन्या हौशी नाटकमंडळींची हस्तपत्रके, तालमींची छायाचित्रे, दाखल नोंदवह्या असे बरेच काही भिजले. कार्यकर्त्यांनी दिवाळीपर्यंत ओल्या कागदांचे पान न् पान स्कॅन केले. मूळ कागद पुढे बुरशीने गेले. उचलले की हातात लगदा येई. जानेवारी २०२०मध्ये त्या संगणकाचा एसएमपीएस बिघडला. गावातल्या एका तरुण तंत्रज्ञाने नवा, अधिक चांगल्या प्रतीचा, मॉड्युलर एसएमपीएस बसवला. जुना एसएमपीएसही मॉड्युलर होता, आणि त्याच्या वायरी कॅबिनेटच्या पाठीमागून सुबक बांधून नेलेल्या होत्या. त्या त्याने तशाच ठेवल्या. नव्या पेटीत त्या बसल्या. खटका वाजला. संगणक सुरू केला, आणि एका वायरीवरच्या दोन्ही डिस्क एकाच क्षणी गेल्या. पाच व्होल्टच्या वाटेने बारा व्होल्ट गेले होते.

दुसऱ्या डिस्कवर पहिलीची प्रत ठेवलेली होती. वाचनालयाचे चिटणीस मला फोनवर म्हणाले, 'साहेब, आम्ही प्रत काढली होती हो.' काढली होती, पण ऑक्टोबरच्या आरंभी. पुण्याच्या एका जाणकाराने दुसऱ्या डिस्कच्या पट्टीवरचा जळालेला संरक्षक भाग काढला आणि ती वाचली गेली. पहिलीचे आतले सर्किटही गेले होते. ती उठली नाही. ऑक्टोबरनंतर स्कॅन झालेले सारे गेले. त्यात हस्तपत्रकांचा अर्ध्याहून अधिक भाग होता. ज्यांच्या आजोबांनी त्या नाटकांत स्त्रीभूमिका केल्या, ते लोक आजही त्या गावात राहतात आणि अधूनमधून फोटो सापडला का म्हणून विचारायला येतात.

त्या तंत्रज्ञावर बरेच जण चिडले होते. मी त्याच्याशी तासभर बोललो. त्याचे हात स्वच्छ काम करणारे होते. तो २०१२ साली या धंद्यात आला. पी-८ त्याने पाहिलाही नव्हता. त्याने मला उलट विचारले, 'चुकीची असती तर ती बसली कशी असती?' या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण प्रश्न बरोबर होता. आम्ही जुने लोक प्रत्येक प्लगाकडे संशयाने पाहात असू, कारण कोणताच प्लग विश्वासाला पात्र नव्हता. त्याच्या पिढीला एटीएक्स आणि साटाने विश्वास ठेवायला शिकवले, आणि तो विश्वास वायरीच्या एका टोकापुरताच खरा होता. नियम मुळीच नसता तर त्याने मीटर लावून पाहिले असते. अर्धा नियम त्याला महागात पडला. खरे तर वाचनालयाला.

उत्पादकांची बाजूही आहे. कोणाला वायरींची संख्या वेगळी हवी, कोणाला व्होल्टेज मोजणारी जादा तार हवी. आधीच बाजारात गेलेल्या पेट्यांचे काय करायचे, हाही प्रश्न. पण पी-८ आणि पी-९ कालबाह्य झाले त्यामागे, मला वाटते, आणखी एक हिशेब होता. तिथे जळालेला मदरबोर्ड वॉरंटीचा कागद घेऊन विक्रेत्याच्या दारात येई. इथे दुसऱ्याची वायर लावली की वॉरंटी संपते, आणि जळालेली डिस्क ज्याची त्याच्या घरी राहते. पुस्तिकेत एक ओळ छापलेली असते : सोबतच्याच वायरी वापराव्यात. ती ओळ इंग्रजीत असते, आणि पुस्तिका खोक्याबरोबर रद्दीत जाते.

अलीकडची घडामोड थोडक्यात. ग्राफिक्स कार्डांसाठी ६०० वॅटपर्यंत वीज नेणारा बारा जाड आणि चार बारीक पिनांचा नवा प्लग आला. ऑक्टोबर २०२२मध्ये बाजारात उतरलेल्या एनव्हिडियाच्या ४०९० कार्डांवर तो वितळल्याच्या तक्रारी आल्या. प्लग पूर्ण आत बसलेला नसणे हे त्यामागचे एक कारण असल्याचे कंपनीने सांगितले. २०२३च्या सुधारित आवृत्तीत त्या चार बारीक पिना आखूड केल्या गेल्या. प्लग पूर्ण बसल्याशिवाय त्या टेकतच नाहीत, आणि त्या टेकल्याशिवाय कार्ड पूर्ण वीज मागत नाही. फ्लॉपीच्या पिळाच्या जातीची युक्ती आहे ही. मॉड्युलर पेटीच्या टोकाला असे काही अजून लाभलेले नाही.

वाचनालयाच्या नव्या संगणकाच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर पेटीचे मॉडेल लिहिले आहे, वायरी कोणत्या तारखेला लावल्या ते लिहिले आहे, आणि खाली मराठीत : 'पेटी बदलल्यास या वायरीही काढाव्यात.' उरलेल्या वायरी एका कापडी पिशवीत घालून ती पिशवी पेटीलाच बांधली आहे. अक्षर त्या तंत्रज्ञाचे आहे. प्रतीची डिस्क आता चिटणिसांच्या घरी, दुसऱ्या मजल्यावर असते.